ॲक्सिलरेटर जड झाला, तर तेल घालण्याआधी दोष शोधा

पाऊस सुरू झाला, की मुंबई-ठाण्यातील दुचाकींची चाके वसई तालुक्याच्या पूर्व पट्ट्याकडे वळू लागतात. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील शिरसाड फाट्याहून आत शिरले, की मांडवी, चांदीप, पारोळ या गावांवरून रस्ता वज्रेश्वरीकडे जातो. एका बाजूला तुंगारेश्वरचे डोंगर, दुसऱ्या बाजूला तानसा नदीचे खोरे आणि मध्ये भातशेती. अशा भागात गाडी डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटेवर उतरली, की पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात बारीक धूळ तिच्या प्रत्येक सांध्यात शिरते. त्यातून उद्भवणारी आणि बहुधा दुर्लक्षिली जाणारी एक तक्रार म्हणजे जड झालेला ॲक्सिलरेटर.

मूठ पिळायला जोर लागतो, मनगट दुखते, एवढ्यापुरतीच ही तक्रार आहे, असा अनेकांचा समज असतो. खरा धोका निराळा आहे. जी मूठ पिळायला जड जाते, ती सोडल्यावर परत येण्यासही विलंब लावते. आणि रेस वेळेवर बंद झाली नाही, तर उत्तम ब्रेक असलेली गाडीही ताब्यात राहत नाही.

डर्ट बाइकच्या बाबतीत हे अधिकच महत्त्वाचे ठरते. खडकाळ चढावर किंवा निसरड्या चिखलात मागचे चाक किती फिरवायचे, हे मुठीच्या अगदी सूक्ष्म हालचालीवर ठरते. मूठ अडखळत असेल, तर स्वार अधिक जोर लावतो आणि रेस हवी त्यापेक्षा जास्त जाते. महाराष्ट्रात या खेळाचे आकर्षण वाढत आहे. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात झाली. त्याआधी २०११ मध्ये हिरोची ‘इम्पल्स’ आणि २०१९ मध्ये ‘एक्सपल्स २००’ या गाड्यांनी कच्च्या वाटेवरची दुचाकी सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आणली. मात्र या गाड्यांची निगा रोज कचेरीत नेण्याच्या गाडीसारखी घेऊन भागत नाही.

यंत्रणा कशी चालते?

ॲक्सिलरेटरची यंत्रणा तीन भागांची असते. पहिला भाग हँडलवरील मूठ आणि तिच्या आतली प्लॅस्टिकची नळी. दुसरा भाग म्हणजे वायर, अर्थात बाहेरच्या आवरणातून सरकणारी पोलादी दोरी. अशा वायरचे पेटंट अर्नेस्ट बोडन यांनी १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये घेतले. मूळ तत्त्व आजही तेच आहे. तिसरा भाग इंजिनाजवळचा. जुन्या गाड्यांत तो कार्बोरेटर असतो, तर फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत थ्रॉटल बॉडी. तेथील स्प्रिंग मूठ परत शून्यावर आणते. चार स्ट्रोकच्या अनेक गाड्यांना दोन वायरी असतात. एक रेस उघडते आणि दुसरी बंद करण्यास मदत करते. एकच वायर असेल, तर सारा भार स्प्रिंगवर असतो.

वायरीतील घर्षणाचा एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. वायरीला जितकी वळणे अधिक, तितके घर्षण वाढते आणि ही वाढ बेरजेने नव्हे, तर गुणाकाराने होते. म्हणूनच टाकी उतरवून पुन्हा बसवताना वायर थोडी जरी चुकीच्या बाजूने गेली, तरी कालपर्यंत हलकी असलेली मूठ आज जड लागते.

दोष कोणत्या भागात?

अनेक जण मूठ जड होताच वायरीच्या टोकाशी तेलाचा फवारा मारतात. दोष वायरीत नसेल, तर त्याचा उपयोग तर होत नाहीच, उलट तेलाला धूळ चिकटून आठवड्याभरात नवे दुखणे सुरू होते. म्हणून आधी तपासणी करावी.

इंजिन बंद ठेवून मूठ पूर्ण पिळावी आणि एकदम सोडावी. ती ‘टक्’ असा आवाज करून शून्यावर आली पाहिजे. हँडल सरळ असताना, पूर्ण डावीकडे वळवून आणि पूर्ण उजवीकडे वळवून, अशी ही परीक्षा तीनदा घ्यावी. एकाच बाजूला मूठ अडत असेल, तर वायर कोठे तरी ताणली किंवा दाबली जात आहे, असे समजावे.

तिन्ही बाजूंना मूठ सारखीच जड लागत असेल, तर वायर इंजिनाकडच्या टोकाला सोडवावी. आता स्प्रिंगचा ताण नसल्याने मूठ हलकी लागणारच. पाहायचे ते तिचे अडखळणे वा खरखरणे. तसे काही नसेल, तर दोष कार्बोरेटरकडे आहे. अडखळत असेल, तर वायर मुठीकडूनही सोडवून नळी नुसती फिरवून पाहावी. नळी मोकळी फिरली, तर गुन्हेगार वायर. नाही फिरली, तर मूठ. या कामाला अर्धा तास आणि दोन-तीन पाने पुरेत.

दुरुस्ती

मुठीचा दोष सर्वांत सोपा आणि बहुधा सर्वांत आधी शोधण्याजोगा. गाडी उजव्या बाजूला पडली, की हँडगार्ड आत ढकलला जाऊन मुठीच्या टोकाला घासू लागतो. रबराची मूठ फार आत बसवली असेल, तर ती शेजारच्या घराला, म्हणजे केबल जिथे शिरते त्या डबीला घासते. दोन्ही ठिकाणी मिलिमीटरभर मोकळी जागा हवी. नळीच्या आत चिखल, वाळू किंवा रबर चिकटवताना ओघळलेला गोंद असेल, तर तो स्वच्छ करावा आणि हँडलवरील ओरखडे बारीक पॉलिश पेपरने घासावेत. तेथे घट्ट ग्रीस भरू नये. त्यात धूळ बसून त्याची कानसच तयार होते.

वायर सोडवलेल्या अवस्थेत हाताने मागेपुढे ओढून पाहावी. टोकाशी एक जरी तार तुटलेली दिसली, आवरण दबलेले किंवा गंजलेले असले, तर दुरुस्तीच्या फंदात न पडता नवी वायर टाकावी. वायर चांगली असेल, तर वरच्या टोकातून केबलसाठीचे पातळ तेल सोडावे, ते खालून स्वच्छ बाहेर येईपर्यंत. काही वायरींना आतून टेफ्लॉनचे अस्तर असते आणि त्यांना तेल लागत नाही. याविषयी गाडीच्या माहितीपुस्तिकेचे ऐकावे.

कार्बोरेटरमध्ये दोष असल्यास एअर फिल्टरकडे पाहणे अगत्याचे. फिल्टर नीट बसला नसेल, तर धूळ आत जाऊन स्लाइडवर ओरखडे पाडते. स्लाइड आणि तिचे घर कार्बोरेटर क्लीनरने धुवावे; खोल ओरखडे असतील, तर भाग बदलावा. थ्रॉटल बॉडीच्या बाबतीत मात्र कारखान्यात बसवलेल्या स्क्रूला हात लावू नये. ते काम जाणकार मेकॅनिककडे द्यावे.

मूठ शून्यावर येते, पण इंजिनाची रेस उतरत नाही, असे असेल, तर दोष वायरीचा नव्हे. कार्बोरेटर आणि इंजिन यांमधील रबर चिरून हवा आत शिरत आहे काय, हे पाहावे. चाकणच्या बजाज कारखान्यात बनणाऱ्या केटीएम ३९० ॲडव्हेंचरसारख्या गाड्यांत हातापासून इंजिनापर्यंत वायरच नसते. तेथे हे काम सेन्सर करतो. अशा गाडीची मूठ जड झाली, तर घासणारा हँडगार्ड आणि चिखल तपासून पुढचे काम सर्व्हिस सेंटरवर सोपवावे.

जोडणीनंतर

मूठ फिरू लागण्याआधी थोडी सैल असली पाहिजे. बहुतेक गाड्यांत ही सैल साधारण २ ते ६ मिलिमीटर असते. नेमका आकडा पुस्तिकेत मिळतो. मग गाडी न्यूट्रलमध्ये सुरू करून हँडल दोन्ही टोकांना वळवावे. रेस किंचितही वाढली, तर वायर पुन्हा तपासल्याखेरीज गाडी बाहेर काढू नये.

आणि चालत्या गाडीवर रेस अडकलीच, तर? मूठ उलटी पिळत बसू नये. क्लच ओढावा, उजव्या अंगठ्याने किल स्विच दाबावा आणि मग ब्रेक लावावा. हा क्रम मोकळ्या जागी, कमी वेगात काही वेळा करून हाताला सवय लावावी; प्रसंगी विचाराला वेळ मिळत नाही. ही मोकळी जागा निवडतानाही भान हवे. तुंगारेश्वर हे २००३ पासून अभयारण्य आहे आणि शेताचे बांध शेतकऱ्याच्या श्रमाचे आहेत. दोन्ही गाडी फिरवण्याची ठिकाणे नव्हेत. नोंदणी नसलेली स्पर्धेची गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणणे तर कायद्यानेच वर्ज्य आहे.

चिखलातून परतल्यावर गाडी धुतली जाते, चेनला तेल मिळते. त्याच वेळी मूठ तीनदा पिळून सोडण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. ती सोडताच परतली, तरच गाडी पुढच्या फेरीला योग्य समजावी.