प्रसूतिकालीन बाहुमज्जातंतू इजा : विशेषज्ञ चिकित्सालयाच्या पहिल्या भेटीची कौटुंबिक पूर्वतयारी

सारांश : प्रसूतीच्या वेळी बालकाच्या मानेतील मज्जातंतूंना इजा झाल्यास एक हात अंशतः किंवा पूर्णतः निर्जीव होतो. अशा बालकाला विशेषज्ञ चिकित्सालयात नेताना कुटुंब पैसा, वाहन व निवास यांची तयारी करते. परंतु या व्याधीत निदान आणि उपचार हे दोन्ही काळाशी बांधलेले असतात. म्हणून कोणती हालचाल कोणत्या दिनांकास दिसली याची विश्वसनीय नोंद ही सर्वांत महत्त्वाची तयारी ठरते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : ब्रॅकियल प्लेक्सस, मज्जातंतू इजा, नवजात बालक, कौटुंबिक निर्णयप्रक्रिया, आरोग्यसेवा.

१. प्रस्तावना

नवजात बालकाचा एक हात हालत नाही, ही गोष्ट बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांतच घरातील स्त्रियांच्या ध्यानात येते. दुसरा हात मुठी वळतो, तोंडाकडे जातो. हा मात्र अंगाशी लोंबत राहतो. 'नस ताणली गेली आहे, काही दिवस वाट पाहू' असे सांगितले जाते आणि ते बहुतेक वेळा योग्यही असते. मात्र ही वाट किती दिवस पाहावयाची आणि त्या काळात काय करावयाचे, याची स्पष्टता कुटुंबास क्वचितच मिळते. काही आठवड्यांनी अथवा महिन्यांनी मोठ्या शहरातील विशेषज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली जाते. महाराष्ट्रातील कुटुंबांसाठी हा प्रवास मुंबई वा पुण्यापर्यंतचा असतो. काही कुटुंबे या शस्त्रक्रियांसाठी प्रसिद्ध असलेल्या कोईमतूरच्या गंगा रुग्णालयापर्यंतही जातात. विशेषज्ञांपुढे मिळणारी वीस-पंचवीस मिनिटे सार्थकी लागावीत यासाठी कुटुंबाने कोणती तयारी करावी, हा या लेखाचा विषय आहे.

२. इजेचे स्वरूप

मानेतील पाचवे, सहावे, सातवे व आठवे आणि छातीतील पहिले अशी मज्जातंतूंची पाच मुळे पाठीच्या कण्यातून बाहेर पडून हाताकडे जाणारे एक जाळे तयार करतात. यास ब्रॅकियल प्लेक्सस म्हणतात. खांदा, कोपर, मनगट व बोटे यांची हालचाल आणि संवेदना या जाळ्यावर अवलंबून असते. प्रसूतीत डोके बाहेर आल्यानंतर खांदा अडकल्यास मान व खांदा यांमधील अंतर ताणले जाते आणि या मुळांना इजा पोहोचते. बालकाचे वजन अधिक असणे, मातेस मधुमेह असणे ही जोखमीची कारणे मानली जातात. तथापि यांपैकी काहीही नसतानाही ही इजा झालेली आढळते. दर हजार जन्मांमागे साधारणतः एक ते दोन असे तिचे प्रमाण सांगितले जाते.

फ्रेंच वैद्य ड्युशेन यांनी १८७२ मध्ये या व्याधीचे वर्णन केले, तर जर्मन मज्जाविकारतज्ज्ञ एर्ब यांनी १८७४ मध्ये पाचव्या व सहाव्या मुळांच्या इजेचे स्थान निश्चित केले. या प्रकारात खांदा उचलत नाही व कोपर वाकत नाही, पण बोटे हालतात. म्हणूनच 'मूठ तर वळते आहे' या समाधानावर अनेक कुटुंबे थांबून राहतात. ग्लासगो येथील शल्यचिकित्सक रॉबर्ट केनेडी यांनी १९०३ मध्ये अशा बालकांवरील मज्जातंतू जोडण्याच्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. म्हणजेच शस्त्रक्रियेची कल्पना शतकाहून जुनी आहे.

३. काळ हेच निदानाचे साधन

ब्रिटिश शल्यचिकित्सक हर्बर्ट सेडन यांनी १९४३ मध्ये मज्जातंतूच्या इजांचे तीन प्रकार मांडले. पहिल्या प्रकारात तंतू अखंड असतो, फक्त संदेशवहन तात्पुरते थांबते. असा हात काही दिवसांत वा आठवड्यांत पूर्ववत होतो. दुसऱ्या प्रकारात आतील धागे तुटतात, परंतु आवरण टिकून राहते. धागे पुन्हा वाढतात, पण सावकाश. तिसऱ्या प्रकारात संपूर्ण तंतूच तुटतो. याखेरीज मूळ कण्यापासूनच उपटले गेले असल्यास ते आपोआप जुळण्याची शक्यता उरत नाही.

येथे मुख्य अडचण ही की, पहिल्या दिवशी हे सर्व हात सारखेच दिसतात. त्यांना एकमेकांपासून वेगळे करतो तो काळ. मज्जातंतूची वाढ दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला सुमारे तीन सेंटिमीटर या गतीने होते. दुसरीकडे, संदेश न पोहोचलेला स्नायू अनंत काळ वाट पाहू शकत नाही. १२ ते १८ महिन्यांनंतर त्याची पुन्हा कार्यक्षम होण्याची शक्यता बरीच घटते. 'थांबावे' आणि 'थांबू नये' या दोन्ही सल्ल्यांमागील तर्क या दोन गतींत सामावलेला आहे.

पॅरिसचे शल्यचिकित्सक अलँ जिल्बेर यांनी तिसऱ्या महिन्यापर्यंत कोपर वाकवणारा बायसेप्स स्नायू कार्य करू लागला की नाही, हा शस्त्रक्रियेच्या निर्णयाचा निकष मांडला. टोरांटो येथील पद्धतीत सर्व हालचालींना ० ते ७ असे गुण दिले जातात आणि नवव्या महिन्यात बालक हातातील बिस्कीट तोंडापर्यंत नेऊ शकते का, हेही पाहिले जाते. निकषांत मतभेद असले तरी एक गोष्ट समान आहे : प्रत्येक निकष बालकाच्या वयाशी जोडलेला आहे. या वयात विद्युत् चाचणी कधी कधी वास्तवाहून आशादायक चित्र दाखवते. त्यामुळे प्रत्यक्ष हालचालींचे निरीक्षण हाच निर्णयाचा मुख्य आधार राहतो. विशेषज्ञ बालकाला एकाच दिवशी पाहतात. मागील महिन्यांचे निरीक्षण फक्त कुटुंबापाशी असते.

४. सव्वा महिना, माहेर आणि विलंब

पहिल्या महिन्याच्या अखेरीस हालचाल पूर्णपणे परतली नसल्यास बालकास जाणकारांकडे पाठवावे, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. नेमका हाच काळ आपल्याकडे सव्वा महिन्याचा असतो. बाळंतीण माहेरी असते, घराबाहेर पडणे टाळले जाते, आणि पुढील निर्णय सासरची मंडळी येईपर्यंत लांबणीवर पडतो. मातेच्या विश्रांतीच्या दृष्टीने ही प्रथा मोलाची आहे. परंतु बालकाचा हात हालत नसेल तर तपासणीपुरता अपवाद करणे आवश्यक ठरते. संपूर्ण हात व बोटे निर्जीव असणे, त्याच बाजूची पापणी खाली झुकलेली व बाहुली लहान दिसणे, किंवा श्वास घेताना त्रास होणे ही लक्षणे असल्यास महिनाभरही थांबू नये.

दुसरा प्रश्न मालिशीचा. निर्जीव हात 'मोकळा व्हावा' म्हणून तो जोराने ओढला वा पिळला जातो. अशा बालकांत गळपट्टीच्या हाडाचा अस्थिभंगही असू शकतो, म्हणून क्ष-किरण तपासणी होईपर्यंत ओढाताण पूर्णतः टाळावी. पुढे सांधे आखडू नयेत यासाठी, विशेषतः खांदा बाहेरच्या बाजूस फिरता राहावा यासाठी, भौतिकोपचारतज्ज्ञांनी शिकवलेले व्यायामच करावेत. मालिश करणाऱ्या बाईंना व आजीला ही गोष्ट स्वतंत्रपणे समजावून सांगणे हा तयारीचाच भाग होय.

तिसरा प्रश्न दोषारोपाचा. 'पोटात असताना काय खाल्ले', 'कळा नीट दिल्या नाहीत' अशी बोलणी मातेस ऐकावी लागतात. खांदा अडकणे ही मातेच्या इच्छेबाहेरची घटना आहे. बालकाच्या हालचाली रात्रंदिवस पाहणारी व्यक्ती माताच असते. तिला अपराधी ठरवून गप्प बसवल्यास सर्वांत महत्त्वाचा साक्षीदारच चिकित्सालयात मूक राहतो.

५. कागदपत्रांची जुळवाजुळव

बालकाचे कागद प्रायः दोन घरांत विभागलेले असतात. गरोदरपणातील तपासण्या सासरच्या गावी, प्रसूती माहेरच्या तालुक्यात आणि भौतिकोपचार तिसऱ्याच ठिकाणी, असे सर्रास घडते. निघण्यापूर्वी पुढील कागद एका धारिकेत दिनांकानुसार लावावेत : माता व बाल संरक्षण कार्ड, प्रसूतीचा तपशील व जन्मवजन असलेले रुग्णालयातून सोडल्याचे पत्र, क्ष-किरण व इतर तपासण्यांची मूळ चित्रे, लसीकरणाची नोंद, भौतिकोपचाराच्या चिठ्ठ्या. प्रसूती चिमट्याने झाली की निर्वाताच्या साहाय्याने, खांदा अडकला होता काय, हे पत्रात नसल्यास त्या रुग्णालयाकडून लेखी मागून घ्यावे. ही मागणी तक्रारीच्या सुरात न करता उपचारासाठी आवश्यक माहिती म्हणून केल्यास ती सहज मान्य होण्याची शक्यता अधिक असते.

नावांतील तफावत हा वरवर क्षुल्लक वाटणारा, पण प्रत्यक्षात अडवणारा मुद्दा आहे. रुग्णालयाच्या कागदावर बालकाची नोंद मातेच्या नावाने असते, कधी तिच्या माहेरच्या आडनावाने. शिधापत्रिकेवर सासरचे नाव असते आणि बारशानंतर बालकाचे तिसरेच नाव रूढ होते. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावयाची असून बालकाचे नाव नंतरही घालता येते. प्रवासापूर्वी जन्मदाखला मिळवून त्यावरील नावच सर्वत्र वापरावे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ अंगीकृत रुग्णालयांतच मिळतो. इच्छित उपचार त्या रुग्णालयात योजनेखाली होतो काय, हे तेथील आरोग्यमित्राकडून आधी विचारून घ्यावे. परराज्यात जावयाचे असल्यास ही योजना तेथे लागू होईल असे गृहीत धरू नये. २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जिल्हास्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे स्थापन झाली आहेत. संदर्भपत्र आणि परतल्यानंतरचा भौतिकोपचार या दोन्हींसाठी तेथे चौकशी करणे हितावह ठरते.

६. हालचालींची दिनांकित नोंद

या लेखाचा मध्यवर्ती मुद्दा येथे येतो. एक साधी वही घेऊन तिच्या पानावर पाच ओळी आखाव्यात : खांदा उचलणे, कोपर वाकवणे, कोपर सरळ करणे, मनगट वर उचलणे, बोटे उघडणे व मिटणे. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक ओळीपुढे दिनांक घालून 'नाही', 'थोडी' किंवा 'पूर्ण' एवढेच लिहावे. 'हात आता बरा आहे' या वाक्याचा विशेषज्ञांना उपयोग होत नाही. 'कोपर प्रथम अमुक दिनांकास वाकले' या वाक्यावर मात्र शस्त्रक्रियेचा निर्णय फिरू शकतो.

वहीसोबत भ्रमणध्वनीवर एक-दीड मिनिटाचे चित्रण करावे. बालकाचे पोट भरलेले व झोप झालेली असावी. अंगातील झबले काढून त्यास पाठीवर निजवावे. खुळखुळा छातीसमोर मध्यभागी धरावा. हात स्वतः उचलून दाखवू नये, कारण दुसऱ्याने केलेली हालचाल व बालकाची स्वतःची हालचाल चित्रणात एकसारखी भासू शकते. परीक्षेच्या दिवशी बालक प्रवासाने थकून रडत असेल, तर ही चित्रणेच त्याच्या वतीने बोलतात.

७. प्रवास आणि बालकाची काळजी

बालकाला काखेत हात घालून किंवा हाताला धरून उचलू नये. मान व पाठ यांना आधार देऊन उचलावे. कपडे घालताना दुखावलेला हात आधी घालावा व काढताना तो शेवटी काढावा. त्या हातात संवेदना कमी असू शकते, म्हणून उन्हाने तापलेली खिडकीची सळई, चहाचा पेला व थंडी यांपासून तो जपावा.

काही तपासण्यांसाठी बालकाला औषधाने निजवावे लागते. त्यापूर्वी साधारणपणे पाणी दोन तास, मातेचे दूध चार तास आणि वरचे दूध सहा तास आधी बंद करण्याचा प्रघात आहे. परंतु त्या रुग्णालयाची अचूक सूचना दूरध्वनीवर विचारून घ्यावी. बालकास सर्दी, खोकला वा ताप असल्यास भूल देणे पुढे ढकलले जाऊ शकते; तसे निघण्यापूर्वीच कळवल्यास फेरी वाया जात नाही.

८. सोबत कोण आणि विचारावयाचे काय

दहा नातेवाइकांचा जथा नेण्यापेक्षा माता, पिता आणि मोठ्यांपैकी एक व्यक्ती एवढी सोबत पुरेशी असते. घरातील निर्णय आजोबांच्या शब्दाने होत असेल, तर त्यांच्याशी चर्चा निघण्यापूर्वीच व्हावी. अन्यथा 'घरी विचारून कळवतो' या उत्तरात पुढची तारीख निघून जाते.

प्रश्न लिहून न्यावेत. कोणती मुळे दुखावली आहेत? कोणत्या हालचालीची, कोणत्या दिनांकापर्यंत वाट पाहावयाची? ती न आल्यास पुढे काय? शस्त्रक्रियेत जोडणीसाठी बहुधा पोटरीतील संवेदनावाहक तंतू काढून घेतात, याची कल्पना नसल्यामुळे पायांवरील व्रण पाहून कुटुंबे घाबरतात. त्याविषयी आधीच विचारावे. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे हात बांधून ठेवावा लागतो आणि परिणाम दिसण्यास अनेक महिने लागतात, कारण जोडलेला तंतूही त्याच एक मिलिमीटरच्या गतीने वाढतो. म्हणून खर्चाचा अंदाज एका फेरीचा न करता वर्षभरातील फेऱ्यांचा करावा. शस्त्रक्रियेनेही हात पूर्णपणे दुसऱ्यासारखा होईलच असे नाही. किती सुधारणा अपेक्षित आहे, हा प्रश्न संकोच न करता विचारावा.

९. समारोप

बहुसंख्य बालकांचे हात शस्त्रक्रियेविना लक्षणीय प्रमाणात सुधारतात. उरलेल्यांच्या बाबतीत योग्य महिना हातचा जाणे हीच मोठी हानी असते, आणि ती बहुधा पैशापेक्षा माहितीच्या अभावाने होते. महाविद्यालयीन अध्यापकाकडे विद्यार्थी व त्यांची कुटुंबे अशा प्रसंगी सल्ल्यासाठी येतात. राष्ट्रीय सेवा योजनेची पथके गावोगावी जातात. वैद्यकीय मत देणे हे अध्यापकाचे काम नव्हे. परंतु कागद दिनांकानुसार लावून देणे, जन्मदाखल्यावरील नाव तपासणे, पाच ओळींची वही आखून देणे आणि प्रश्न लिहून देणे, एवढे साह्य कोणत्याही विद्याशाखेच्या अध्यापकास करता येईल.