परदेशांतील मुक्कामाचा पुरावा

विमानानें परदेशीं जावयाचें तर तेथें आपण कोठें उतरणार याचा लेखी पुरावा जवळ बाळगावा लागतो काय? हा प्रश्न एके काळीं मोठ्या शहरांतील व्यापाऱ्यांपुरता होता. आज तो बुलढाणा, खामगांव, मलकापूर येथील साध्या घरांतूनहि विचारला जातो. मुलगा किंवा मुलगी नोकरीनिमित्त परदेशीं गेलेली असते, घरांत नातवंड व्हावयाचें असतें, आणि ज्यांनीं जन्मांत मुंबईपलीकडे पाऊल टाकलें नाहीं असे आईबाप मलकापूरला आगगाडींत बसून मुंबईच्या विमानतळाकडे निघतात. अशा वेळीं एखादा कागद कमी पडला तर तिकिटाचा पैसा तर जातोच, पण बाळंतपणाचा दिवसहि कोणासाठीं थांबत नाहीं. म्हणून या प्रश्नाचें उत्तर नीट समजून घेणें अगत्याचें आहे.

उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं, कारण विचारणारे तिघे आहेत. पहिला व्हिसा देणारा वकिलातींतील अधिकारी, दुसरा आपलें सामान वजन करून घेणारा विमानकंपनीचा कारकून, आणि तिसरा परदेशांत उतरल्यावर पासपोर्ट तपासणारा अधिकारी. तिघांच्या पृच्छेचें मूळ मात्र एकच. हा पाहुणा राहणार कोठें, त्याचा खर्च कोण करणार, आणि मुदत संपल्यावर तो परत जाईल काय?

पूर्वीं अशी खात्री यजमानाच्या पत्रानें होत असे. १८८३ च्या एप्रिलांत आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकण्यासाठीं कलकत्त्याहून बोटीनें निघाल्या व जूनमध्यें न्यूयॉर्कला पोहोंचल्या. न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या कार्पेंटरबाईंशीं त्यांचा आधींपासून पत्रव्यवहार होता. त्याच बाई त्यांना उतरवून घेण्यास आल्या व आपल्या घरीं घेऊन गेल्या. यजमानाच्या त्या पत्राला आज सरकारी रूप आलें आहे.

तें रूप देशोदेशीं निराळें आहे. युरोपांतील २९ देशांचा मिळून शेंगेन नांवाचा एक प्रवेशप्रदेश झाला आहे. त्यांच्या २००९ च्या व्हिसासंहितेचें १४ वें कलम अर्जदाराकडून मुक्कामासंबंधीचे कागद, अथवा मुक्कामाचा खर्च भागेल इतक्या पैशाचा पुरावा, मागतें. आप्ताकडे उतरणाऱ्यानें हॉटेलची पावती आणावी असा हट्ट त्यांत नाहीं. फ्रान्समध्यें यजमान आपल्या गांवच्या नगरपालिकेकडून पाहुण्याच्या स्वागताचा दाखला काढून पाठवितो. जर्मनींत यजमानास सरकारी कचेरींत जाऊन पाहुण्याच्या खर्चाची हमी लिहून देतां येते.

इंग्लंडची रीत वेगळी आहे. हॉटेलचें व विमानाचें आरक्षण तेथील सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत सामान्य पाहुण्यासाठीं कमी उपयोगाच्या कागदांत गणलें आहे. अर्जांत मुक्कामाचा पत्ता मात्र विचारतात, आणि खर्च दुसरा कोणी करणार असेल तर त्याच्या ऐपतीचा पुरावा पाहतात. अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जांतहि उतरण्याचा पत्ता लिहावा लागतो, परंतु निर्णय बहुतांशीं मुलाखतीवर ठरतो. सिंगापूर आणि थायलंड या देशांत पोहोंचण्यापूर्वीं ३ दिवसांच्या आंत संगणकावरून जें आगमनपत्रक भरावयाचें असतें, त्यांतहि पत्त्याचा रकाना आहे.

विमानकंपनीचा कारकून या नियमांचा कर्ता नव्हे. टिमॅटिक नांवाचा एक आंतरराष्ट्रीय नियमसंग्रह आहे, त्यांत पाहून तो आपले कागद तपासतो. आवश्यक कागदांवांचून प्रवासी नेला आणि त्यास प्रवेश नाकारला गेला, तर त्याला परत आणण्याचा भार कंपनीवर पडतो व अनेक देशांत दंडहि भरावा लागतो. त्याच्या प्रश्नानें रागावण्याचें कारण नाहीं. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश मिळालाच असें होत नाहीं. सीमेवरील अधिकारी तेच प्रश्न पुन्हां विचारूं शकतो.

येथें एका मोहाविषयीं सावध केलें पाहिजे. कांहीं दलाल थोड्या पैशांत हॉटेलची लटकी पावती करून देतात. मुलाचें घर असतां आईबापांच्या नांवें असा कागद जोडणें म्हणजे खऱ्या पाहुण्यानें खोटी ओळख सांगणें होय. फसवणूक आढळल्यास इंग्लंडचें दार १० वर्षें बंद होऊं शकतें. शेंगेन देशांत बनावट कागद हें नकाराचें स्पष्ट कारण आहे, आणि त्या नकाराची नोंद पुढील अर्जाच्या वेळीं इतर सभासद देशांसहि दिसते. रद्द करतां येण्याजोगें आरक्षण खरोखर केलेलें असेल तर त्यांत दोष नाहीं. पुढें बेत बदलला तर नव्या मुक्कामाचा कागद जवळ असावा, एवढेंच.

परके लोक आपल्यावर संशय घेतात असें मानून मन खट्टू करूं नये. लोणारचें सरोवर पाहण्यास आलेला परदेशी प्रवासी जेथें मुक्काम करतो, तेथील यजमानास त्याची खबर २४ तासांच्या आंत सरकारास द्यावी लागते. मुक्काम देणाऱ्यावरील हें बंधन १९४६ च्या कायद्यांत होतें, व २०२५ च्या नव्या कायद्यानेंहि तें कायम ठेवलें आहे. पाहुण्याचा ठावठिकाणा विचारणें ही सर्व राज्यांची रीत आहे.

आप्ताकडे जाणाऱ्यांनीं कोणते कागद जमवावेत? मुलाचें सहीचें निमंत्रणपत्र, त्यांत घराचा पूर्ण पत्ता, दूरध्वनि क्रमांक व राहण्याच्या तारखा. त्याच्या तेथील वास्तव्याच्या परवान्याची आणि घराच्या भाडेकराराची प्रत. नातें दाखविणारा जन्माचा दाखला. आपल्या निवृत्तिवेतनाचें किंवा बँकेचें खातेंपुस्तक, व परतीचें तिकीट. नियम वरचेवर बदलतात, यास्तव अर्जापूर्वीं त्या त्या वकिलातीची चालू यादी पाहावी. हे कागद मोठ्या पेटींत घालूं नयेत, हातांतील पिशवींत ठेवावेत, कारण पेटी हातीं येण्यापूर्वींच अधिकारी समोर येतो. टेलिफोनमधील चित्रावर विसंबूं नये. ऐन वेळीं विजेचा सांठा संपतो.

शेवटीं, कागद मुलानें पाठविला तरी उत्तर आईबापांनाच द्यावें लागतें. मुलाचें गांव कोणतें, त्याचा व्यवसाय काय, आणि आपण परत कधीं येणार, या तीन गोष्टी निघण्यापूर्वीं घरींच विचारून घ्याव्यात. कागदावर लिहिलेलें आणि तोंडानें सांगितलेलें जुळलें, म्हणजे त्या खिडकीपाशीं भिण्याचें फारसें कारण उरत नाहीं.