चेहरा घासण्याची चाळीस वर्षं

दिवाळीचं उटणं वर्षातून दोन-तीन पहाटेच लागायचं, आणि तेही अंगात तेल जिरवल्यावर. नागरमोथा, गव्हला कचोरा, आंबेहळद, वाळा यांची ती भरड पूड तेलकट अंगावरून घसरायची, ओरखडत नसे. एरवी डाळीचं पीठ आणि साय, कधी लिंबू. मागे वळून पाहताना वाटतं, यातलं शहाणपण तेलात आणि सायीत होतं. पुढे आपण नेमकं तेच सोडलं आणि घासणं तेवढं ठेवलं. (लिंबू मात्र तेव्हाही वाईटच. त्याच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास. तो चोळून उन्हात गेलं की आग होते, कधी कधी काळे डागही पडतात.)

नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली पार्लरं झाली. स्क्रब, वाफ, ब्लॅकहेड्स काढणं, आणि लग्नसराई असेल तर त्याच बैठकीत ब्लीच! मग अक्रोड-जर्दाळूच्या कवचांचे स्क्रब ट्यूबमधून घरोघरी आले. कवचाच्या कणांना टोकं असतात. ज्यांना मुरुम होते त्यांनीच ते सर्वांत जोरात घासले, कारण मुरुम म्हणजे मळ अशी समजूत होती. प्लास्टिकचे गोल मणी त्वचेला तुलनेने बरे, पण ते मोरीतून पुढे नदी-समुद्रात जायचे. अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा करून ते बंद केले.

आता घरोघरच्या कपाटांत ॲसिडं आहेत, पण त्यांचा इतिहास ट्यूबमधल्या स्क्रबपेक्षा जुना. १८८२ मध्ये जर्मन त्वचारोगतज्ज्ञ पॉल उना यांनी सॅलिसिलिक ॲसिडने त्वचा सोलण्याबद्दल लिहिलं होतं. १९७४ मध्ये यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू या अमेरिकेतल्या जोडीने अल्फा हायड्रॉक्सी ॲसिडांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्यासमोर प्रश्न उजळपणाचा नव्हता. इक्थिओसिस या खवल्यांच्या विकाराचा होता. त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो: मृत पेशी विटा, मधली स्निग्ध द्रव्यं चुना. ही ॲसिडं पेशींना जखडणारे दुवे सैल करतात, म्हणून न घासता पापुद्रा निघतो. मात्र फार वेळा लावली की चुनाही उतरतो. मग चेहरा ताणतो, चुरचुरतो, साधं मॉइश्चरायझरही झोंबतं.

आपल्याकडे या गोष्टीला आणखी एक पदर आहे. गव्हाळ वर्णाची त्वचा उन्हाने चटकन भाजत नाही, पण जखमेची आठवण फार दिवस ठेवते. लहानसा दाह झाला तरी तिथे मेलॅनिन साठतं आणि डाग महिनोन्‌महिने राहतो. उजळ दिसण्यासाठी घासायचं आणि घासल्याने काळं पडायचं, हे दुष्टचक्र मी किती चेहऱ्यांवर पाहिलं! डाग दिसला की हात आणखी जोरात चालतो.

एकच बाटली सर्वांना चालत नाही, हे आपण फार उशिरा शिकलो. तेलकट, मुरुमांच्या त्वचेला सॅलिसिलिक बरं, कारण ते तेलात विरघळतं आणि रंध्रांत शिरतं. कोरड्या त्वचेला लॅक्टिक. ते थोडा ओलावाही धरून ठेवतं. सावळ्या, चटकन डाग धरणाऱ्या त्वचेवर मोठ्या रेणूचं, सावकाश मुरणारं मँडेलिक. ग्लायकोलिकचा रेणू सर्वांत लहान, म्हणून ते झपाट्याने आत जातं आणि तितक्याच झपाट्याने झोंबतं. एक्झिमा किंवा रोझेशिया असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको. सुरुवात आठवड्यातून एकदा, तीही कानामागे किंवा जबड्याखाली लावून पाहिल्यावर. थ्रेडिंग-वॅक्सिंगच्या दिवशी नाही, रेटिनॉलच्या रात्री नाही, आणि दुसऱ्या सकाळी सनस्क्रीन हवंच.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने घरगुती वापरासाठी ग्लायकोलिक-लॅक्टिकची मर्यादा घालून दिली: दहा टक्क्यांपर्यंत, पीएच साडेतीनच्या खाली नको. पार्लरमधल्या प्रशिक्षित हातांसाठी तीस टक्के. आज तीस टक्क्यांची बाटली फोनवरून मागवता येते आणि कॉलेजातली पोरं ती शनिवारी रात्री लावतात.

त्वचारोगतज्ज्ञांकडे आता मोठ्या संख्येने येतात ते अती सोललेले चेहरे. पहिला उपाय बहुतेकदा फुकटचाच असतो: काही आठवडे सगळं बंद, सौम्य फेसवॉश, साधं क्रीम, सनस्क्रीन. तेवढं थांबणंच पेशंटला सर्वांत जड जातं.