टेस्ट ड्राइव्ह घेताय? मग एकदा मागे बसा

आज सेडानच्या टेस्ट ड्राइव्हबद्दल बोलू. गाडी खड्ड्यातून कशी जाते आणि वळणावर कशी वागते, हे पंधरा मिनिटांत ओळखायचं कसं? मी सध्या कोलकात्यात बेहालाला राहतो, त्यामुळे उदाहरणं इथल्या रस्त्यांची देतो. तुमच्या गावचे रस्ते आठवून ऐका.

आम्हाला गाडी हवी होती ती आईसाठी. तिच्या कमरेचं ऑपरेशन झालंय आणि महिन्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागतं. ती बसणार मागे. आणि मी शहाणा काय करत होतो? स्टिअरिंग धरून गाड्या पसंत करत होतो!

इथेच पहिली गल्लत होते. चालवणारा माणूस साधारण दोन्ही चाकांच्या जोड्यांच्या मधोमध बसलेला असतो. झोपाळ्याच्या मध्यावर बसल्यासारखं. पुढचं टोक वर गेलं काय, मागचं खाली आलं काय, त्याला त्यातलं कमीच कळतं. मागे बसणारा मात्र जवळजवळ मागच्या चाकांवरच असतो. तिथला धक्का थेट त्याच्या कण्याला. आपल्याकडच्या या किमतीच्या बहुतेक सेडानमध्ये मागची दोन्ही चाकं एका आडव्या तुळईने जोडलेली असतात. स्वस्त, टिकाऊ आणि डिकीला जागा देणारी रचना आहे ती, पण एक चाक खड्ड्यात गेलं की थोडा हिसका दुसऱ्या बाजूलाही पोचतो.

आणखी एक गोष्ट. मागच्या स्प्रिंगा पाच माणसं आणि भरलेली डिकी पेलायला बसवलेल्या असतात. म्हणून मागे कुणीच नसताना गाडी कडक वाटते. माणसं बसली की ती मऊ होते, पण खालीही दबते आणि गतिरोधकाला पोट घासायची शक्यता वाढते. एकट्याने घेतलेल्या टेस्ट ड्राइव्हमध्ये यातलं काहीच कळत नाही.

तर आम्ही पुन्हा गेलो, चौघं मिळून. बेहाला चौरास्त्याहून डायमंड हार्बर रोडने निघालो. डोक्यावर मेट्रोचा पूल, मधे खांब, बाजूला बस, ऑटो, सायकली. वेग जेमतेम वीस-पंचवीस. अशा वेगात बारीक खडबड कशी लागते ते बघायचं. इथे स्प्रिंगपेक्षा टायरचं काम जास्त.

पहिल्याच तुटक्या पट्ट्यावर आई म्हणाली, "अरे, दात वाजतायत माझे." मी गाडीला नाव ठेवणार तेवढ्यात सुचलं, हवा तर बघू! ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवर लिहिलं होतं 33. पंपावर मोजली तर 42. नव्या गाड्यांच्या टायरमध्ये वाहतुकीच्या वेळी मुद्दाम जास्त हवा ठेवतात आणि ती कमी करायची राहून जाते. सोबतच्या सेल्समनलाही हे ठाऊक नव्हतं. बिचारा ओशाळला. हवा 33 केली, त्याच पट्ट्यावरून परत गेलो. या वेळी आई काही बोलली नाही, आणि तिच्या बाबतीत ती पावतीच असते.

पुढे माझेरहाटचा पूल. जुना पूल 2018 च्या सप्टेंबरमध्ये कोसळला, त्या जागी डिसेंबर 2020 मध्ये हा नवा झाला. पुलाचे सांधे ही शॉकॲब्सॉर्बरची उत्तम परीक्षा. सांध्यावरून गेल्यावर गाडी एकदा वर-खाली होऊन बसली पाहिजे. दोन-तीनदा डुलत राहिली तर शॉकॲब्सॉर्बर ढिले समजा. लांबच्या प्रवासात मागच्या माणसाला मळमळतं ते अशा गाडीत. इथे आठवण येते ॲम्बेसेडरची, जी 2014 पर्यंत याच भागात, उत्तरपाड्याला बनत होती. मागे पाटे, जाड टायर, सोफ्यासारखी सीट. खड्डे गिळायची, पण वळणावर सगळे एकमेकांच्या अंगावर! आराम आणि पकड यांची ही जुनी ओढाताण आहे.

पकड बघायला फार वेग लागत नाही. मोकळ्या वळणावर स्टिअरिंग एकदाच वळवा आणि तसंच धरा. मधेच सारखं सुधारावं लागलं तर गाडी तुमचं ऐकत नाही. सरळ रस्त्यावर पकड सैल करून बघा, हात मात्र काढू नका. थोडी डावीकडे गेली तर घाबरू नका, पाणी वाहून जावं म्हणून रस्त्यालाच कडेकडे उतार असतो.

परतताना जेम्स लाँग सरणीने आलो आणि मी मागे बसलो. मोठ्या चाकांचं वरचं मॉडेल होतं, टायर 205/55 आर 16. म्हणजे रबराची भिंत 205 च्या 55 टक्के, सुमारे 113 मिलिमीटर. खालच्या मॉडेलला 185/65 आर 15, म्हणजे भिंत 120. सात मिलिमीटर काय ते, असं मलाही वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी खालचं मॉडेल मागवलं, हवा आधी मोजली आणि आईला त्याच रस्त्याने नेलं. चौरास्ता येईपर्यंत तिला डुलकी लागली होती. सनरूफ गेलं, पण बुकिंग त्याचंच केलं.