‘आसियान’: पाचाचे अकरा कसे झाले?

आग्नेय आशियाई देशांची संघटना ‘आसियान’ आता ११ देशांची झाली आहे. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी क्वालालंपूरच्या शिखर परिषदेत तिमोर-लेस्तेला सदस्यत्व मिळाले. या देशाने अर्ज केला होता २०११ मध्ये!

सुरुवात कशी झाली?
८ ऑगस्ट १९६७ रोजी इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपाइन्स, सिंगापूर आणि थायलंड बँकॉकमध्ये एकत्र आले. इंडोनेशिया-मलेशिया संघर्ष वर्षभरापूर्वीच थांबला होता. व्हिएतनाम युद्ध सुरू होते आणि कम्युनिझमची धास्ती पाचही सरकारांना होती.

नंतर कोण आले?
ब्रुनेई (१९८४), व्हिएतनाम (१९९५), लाओस व म्यानमार (१९९७), कंबोडिया (१९९९). म्हणजे ज्या कम्युनिस्ट व्हिएतनामची धास्ती होती, तोही सदस्य झाला.

मग अडचण काय?
आसियानचे निर्णय बहुमताने नाही, सहमतीने होतात. एकाही देशाने नकार दिला तरी गाडी अडते. २०१२ मध्ये दक्षिण चीन समुद्राच्या वादावरून परराष्ट्रमंत्र्यांचे संयुक्त निवेदनच निघाले नाही. तोपर्यंतच्या ४५ वर्षांत असे कधी घडले नव्हते. तेव्हा सदस्य दहा होते. आता ११ जणांचे एकमत लागेल.