हम अ‍ॅम्पचा, शिक्षा अर्थच्या पिनला

घरी बांधलेला व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प पहिल्यांदा सुरू केला की गिटारच्या आधी ऐकू येतो तो हम. लगेच सल्ले सुरू होतात, आणि नागपूरच्या सीताबर्डीतल्या पार्टच्या दुकानापासून कॉलेजच्या बँडपर्यंत त्यांत एक ठरलेला असतो : प्लगची अर्थची पिन काढून टाक, आवाज बंद होईल.

या सल्ल्याची पंचाईत अशी की तो कधीकधी लागू पडतो. अ‍ॅम्प आणि मिक्सर दोन्ही अर्थला जोडलेले असतील आणि त्यांच्यामध्ये सिग्नलची केबलही असेल, तर केबलची जाळी आणि अर्थच्या तारा मिळून एक बंद कडं तयार होतं. आसपासच्या ट्रान्सफॉर्मरमुळे आणि गळतीमुळे त्यात थोडा करंट फिरतो. त्यामुळे जाळीवर पडणारा अगदी थोडा व्होल्टेजही अ‍ॅम्प इमानदारीनं मोठा करून ऐकवतो. पिन काढली की कडं तुटतं, हम जातो आणि सल्ला देणारा तज्ज्ञ ठरतो. पण अ‍ॅम्पला फक्त गिटार लावलेली असेल, तर असं कडं नसतंच. तरी पिन कापली जाते. जणू तान्ह्या पोळ्याची मारबत. गावाबाहेर नेली की पीडा टळली!

खरं तर नागपूरकरांना हे वेगळं सांगायला नको. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून विदर्भात माणसं दगावतात. कूलरला अर्थिंग हवं हे घरोघरी ठाऊक आहे. मग व्हॉल्व्ह अ‍ॅम्प काय वेगळा? त्याचं चॅसिस धातूचं, आत २३० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर. त्याचं इन्सुलेशन फुटून फेज चॅसिसला लागली, तर अर्थची तार तो करंट वाहून नेते आणि फ्यूज उडतो. तार नसेल तर चॅसिसवर २३० व्होल्ट तसेच थांबतात. गिटारच्या तारा ब्रिजमार्गे जॅकला, जॅक चॅसिसला जोडलेला, आणि वाजवणाऱ्याचे ओठ अर्थ झालेल्या माईकला. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी ३ मे १९७२ रोजी स्वान्सीत स्टेजवरच विजेच्या धक्क्यानं गेला. तिथं दोष माईकच्या अर्थिंगचा होता. आपल्या थ्री-पिन प्लगची अर्थची पिन जाड आणि लांब असते ती याचसाठी, की ती सॉकेटमध्ये सगळ्यात आधी लागावी आणि सगळ्यात शेवटी सुटावी.

‘पण जुन्या अमेरिकी सर्किटमध्ये प्लगला दोनच तारा दाखवल्यात’ हा प्रतिवाद ठरलेला. दाखवल्यात, कारण ती १९५० च्या दशकातली आहेत. सर्किट जुनं वापरावं, सुरक्षा नव्हे.

याहून वाईट म्हणजे सॉकेटमध्ये न्यूट्रलचाच तुकडा अर्थच्या पिनला जोडून देणारे वायरमन. टेस्टर लावला तर सगळं ठीक दिसतं. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला, की घरातल्या चालू उपकरणांतून फिरून फेज थेट चॅसिसवर येते. शिवाय न्यूट्रलमधून सतत करंट वाहत असतो, त्यामुळे हमही वाढतो. अर्थिंग खरं असेल तरी इथल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, माती सुकते आणि अर्थचा रोध वाढतो. म्हणून खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं.

कडंच तोडायचं असेल, तर ते सिग्नलच्या बाजूनं तोडावं : मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा, किंवा सर्किटचा ग्राउंड आणि चॅसिस यांच्यामध्ये १० ओमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर उलटसुलट जोडलेले दोन दणकट डायोड द्यावेत. मग इनपुट जॅक चॅसिसपासून वेगळा बसवावा लागतो. चॅसिस मात्र सरळ अर्थच्या पिनला, स्वतंत्र बोल्टनं.

एकट्या अ‍ॅम्पचा हम कुठून येतो हे कान सांगतो. आपली वीज ५० हर्ट्झची, फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतर उरणारी लहर १०० हर्ट्झची. गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा सूर ९८ हर्ट्झचा असतो. हम त्याच्याशी जुळला, तर संशय फिल्टर कपॅसिटरवर किंवा त्याच्या ग्राउंडच्या जागेवर. एक सप्तक खाली असेल, तर हीटरच्या ६.३ व्होल्ट एसी तारा, किंवा मेन ट्रान्सफॉर्मरशेजारी त्याच दिशेनं बसवलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर. हीटरच्या तारा एकमेकींत घट्ट पिळून कोपऱ्यातून न्याव्यात. ट्रान्सफॉर्मरला मधला टॅप नसेल, तर दोन्ही तारांपासून १०० ओमचा एकेक रेझिस्टर ग्राउंडला द्यावा. मग स्विच बंद करून, मीटरनं कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करून (बंद अ‍ॅम्पमध्येही ३०० व्होल्ट टिकून असू शकतात) पहिला व्हॉल्व्ह काढावा. पुन्हा चालू केल्यावर हम गेला, तर दोष त्याच्यात किंवा त्याच्याआधी. राहिला, तर पुढे.

‘सर्किट फेंडरचंच बांधलंय, चूक असणं शक्य नाही.’ शक्य आहे. नवशिक्यांचा लाडका ५एफ१ चँप अमेरिकेच्या ६० हर्ट्झ विजेसाठी आखलेला आहे. त्याच कपॅसिटरवर ५० हर्ट्झला उरणारी लहर सुमारे २० टक्के जास्त असते. शिवाय त्याला आउटपुट व्हॉल्व्ह एकच, त्यामुळे पुश-पुलमध्ये होते तशी लहरींची काटाकाट होत नाही. पण म्हणून पहिलाच कपॅसिटर भला मोठा लावू नये, ५वाय३ सारखा रेक्टिफायर व्हॉल्व्ह तो झेलत नाही; पुढचे वाढवावेत किंवा मधे चोक द्यावा.

बाकीचे समज थोडक्यात. व्हॉल्व्ह बदलला की हम जातो : क्वचितच, पेन्सिलनं टिचकी मारल्यावर स्पीकरमध्ये टणटण वाजला, तर मात्र बदलावा. महागडी केबल लावा : सिंगल-कॉइल पिकअपनं पकडलेला हम केबलनं जात नाही, गिटार हातात घेऊन जागीच फिरल्यावर कमी-जास्त झाला, तर तो पिकअपचाच. स्टॅबिलायझर लावा : तो व्होल्टेज सांभाळतो, आवाज नाही. इन्व्हर्टरवर चालवा : चौकोनी लहरीचा असेल तर खरखर वाढेल. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प खरखरणारच : आधी पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद करून पाहावा.

आणि अ‍ॅम्पमधून रेडिओ ऐकू आला तर ती कुणाची करणी नव्हे. ज्या नागपुरातून १९८८ साली आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १००० किलोवॅटच्या ट्रान्समीटरवरून सुरू झाली, तिथं तर याचं मुळीच नवल नको. पहिल्या व्हॉल्व्हची ग्रिड असं प्रसारण पकडून रेक्टिफाय करते. ६८ किलोओमचा रेझिस्टर सॉकेटच्या ग्रिडच्या पिनलाच, पाय आखूड कापून सोल्डर केला की बहुतेक वेळा रेडिओ बंद होतो.