आभाळाला लागलेला अडसर

(लेखांक सहावा)

माघातल्या पहाटे डहाणूजवळच्या वरोरच्या किनाऱ्यावर जमिनीकडून दर्याकडे जाणारा मतलई वारा वाहत असतो. दुपारी तो फिरतो आणि खारा वारा सुरू होतो. अधूनमधून उत्तरेचा गारठा उतरतो, तो अंगाला झोंबतो, पण त्याला कुणी नावे ठेवत नाही. कारण कोरड्या हवेवरच बोंबील वाळतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूच्या आडव्या दांड्यांवर टांगायचे आणि तीन-चार दिवस आभाळ मोकळे राहण्याची वाट पाहायची. एखादा दिवस मळभ आले तर माल सावरता येतो. मळभ तीन-चार दिवस हटलेच नाही तर मासळी मऊ पडते, वास धरते, आणि घरात खायच्या मोलाचा जिन्नस खताच्या भावाने द्यावा लागतो.

म्हणून या किनाऱ्याला हवामानाचा खरा प्रश्न ‘किती’ हा नाही. ‘किती दिवस’ हा आहे. आजचा लेख त्याच प्रश्नावर आहे, आणि त्याचे उत्तर शोधायला आपल्याला पार ग्रीनलंडपर्यंत जावे लागेल.

गेल्या आठवड्यात आपण पश्चिमी झंझावात पाहिले. भूमध्य समुद्राकडून निघून इराण, अफगाणिस्तान ओलांडत ते हिमालयाला भिडतात. थंडीच्या दिवसांत महिन्याला साधारण चार ते सहा येतात. त्यांना वाहून आणणारा वेगवान वारा, म्हणजे जेट प्रवाह, दहा-बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. एरवी झंझावात येतो, काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकतो आणि दोन-तीन दिवसांत पुढे निघून जातो. जानेवारी २०२२ मध्ये अशाच एका झंझावाताच्या मागून पाकिस्तान आणि सौराष्ट्राकडची धूळ थेट कोकण किनाऱ्यावर आली होती. २३ जानेवारीला मुंबईचे आभाळ मातकट झाले, दुपारीही हवेत गारवा राहिला, आणि धूळ लवकरच विरली. हे झाले वाहते हवामान.

पण कधीकधी वाहणेच थांबते.

जेट प्रवाह सरळ रेषेत धावत नाही. तो नागमोडी वळणे घेतो, कधी उत्तरेकडे फुगतो, कधी दक्षिणेकडे खाली झुकतो. या प्रचंड लाटांचे गणित कार्ल-गुस्ताफ रॉस्बी यांनी १९३९ मध्ये मांडले, म्हणून त्यांना रॉस्बी लाटा म्हणतात. बहुतेक वेळा त्या पूर्वेकडे सरकत राहतात. पण एखादी लाट इतकी फुगते की किनाऱ्याशी येऊन लाट उलटावी तशी ती स्वतःवरच उलटते. मग दक्षिणेकडची उबदार हवा उत्तरेत अडकून उच्च दाबाचा मोठा घुमट होतो, आणि उत्तरेकडची थंड हवा दक्षिणेत कमी दाबाच्या भोवऱ्यात कोंडली जाते. पश्चिमेकडून येणाऱ्या वादळांना सरळ वाट उरत नाही. शास्त्रज्ञ याला ‘ब्लॉकिंग’ म्हणतात. दाराला आतून लावायच्या लाकडी अडसराने जे होते तेच इथे होते, म्हणून मी ‘अडसर’ म्हणेन. डॅनियल रेक्स यांनी १९५० मध्ये त्याचे पद्धतशीर वर्णन केले. मध्ये उच्च दाब आणि दोन्ही बाजूंना कमी दाब अशी रचना झाली तर नकाशावर ग्रीक ओमेगा अक्षर उमटते. एकदा लागलेला अडसर निदान पाच दिवस तरी राहतो, कधी दोन आठवडेसुद्धा.

हा अडसर बाहेरून येऊन पडत नाही, तो प्रवाहातूनच तयार होतो. ही गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. शिकागो विद्यापीठाचे नोबोरू नाकामुरा आणि क्लेअर हुआंग यांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की जेट प्रवाहाचे हे गणित महामार्गावरच्या कोंडीच्या गणिताशी जुळते. चारोटी किंवा तलासरीला मुंबई-अहमदाबाद महामार्गावर अडकलेल्या कुणालाही ते समजावे लागणार नाही. रस्त्याची एक ठरलेली क्षमता असते. एखाद्या ठिकाणी ती कमी असेल आणि मागून येणारी वाहने वाढली, तर अपघात झाला नसतानाही कोंडी होते, आणि मागून येणारी प्रत्येक गाडी ती आणखी लांबवते. हवेतही तसेच. लाटा ज्या पट्ट्यात आधीच मंदावलेल्या असतात तिथे नव्या लाटा येऊन साचतात.

आता बर्फाकडे येऊ. हिवाळा सरत असताना दक्षिणेकडची जमीन तापू लागलेली असते, उत्तरेकडे मात्र अजून कडाका असतो. तापमानातला हा फरक वादळांना बळ देतो. अशा वेळी ग्रीनलंडवर अडसर लागला तर अमेरिकेच्या पूर्व भागात थंड हवा खाली येऊन मुक्काम ठोकते, आणि समुद्रावरून येणारी वादळे भराभर निघून न जाता किनाऱ्याजवळ रेंगाळतात. ओल समुद्राची, गारठा जमिनीचा. त्यामुळे एरवी जो पाऊस पडला असता तो किनाऱ्यापासून आतपर्यंत बर्फ होऊन पडतो. मार्च २०१८ मध्ये तीन आठवड्यांच्या आत अशी चार वादळे ईशान्य अमेरिकेवर आली. न्यू जर्सी आणि बॉस्टन परिसरातल्या मराठी घरांनी तो मार्च फावडे हातात घेऊनच काढला असणार. त्याच्या थोडे आधी, फेब्रुवारीच्या अखेरीस, उत्तर युरोपवरच्या उच्च दाबामुळे सैबेरियाची थंडी उलटी, पूर्वेकडून पश्चिमेकडे, ब्रिटनपर्यंत गेली होती.

आपल्याकडे? असे अडसर बहुधा उंच अक्षांशांवर लागतात. अटलांटिक व युरोप, उरल पर्वताचा परिसर आणि उत्तर प्रशांत महासागर ही त्यांची ठिकाणे. वरोर सुमारे २० अक्षांशावर आहे, त्यामुळे अडसर आपल्या डोक्यावर लागत नाही. पण कोंडी दूरवर झाली तरी पुढच्या वळणांवर परिणाम होतोच. याचा ठळक पुरावा हिवाळ्यातला नाही, २०१० च्या उन्हाळ्यातला आहे. रशियावर कित्येक आठवडे अडसर राहिला, मॉस्कोत पारा ३८ अंशांपुढे गेला, आणि त्याच्या पूर्वेकडून खाली उतरलेली थंड हवेची खोलगट द्रोणी मोसमी वाऱ्यांना भेटली. पाकिस्तानातल्या महापुरामागे ही भेट होती.

हिवाळ्याअखेरचे आपले उदाहरण २०१४ चे. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा गारपीट झाली. गहू, हरभरा, द्राक्षे, डाळिंब सगळे झोडपले गेले. वरच्या पश्चिमी वाऱ्यांतली द्रोणी नेहमीपेक्षा फार दक्षिणेला झुकली होती आणि हटत नव्हती. तिच्यातली थंड हवा वर, आणि अरबी समुद्र व बंगालच्या उपसागरावरून आलेली ओल खाली. अशा उंच ढगांत वर बर्फच असतो. काश्मिरात जमिनीलगतची हवाही गोठणबिंदूजवळ असल्याने तो बर्फ म्हणूनच उतरतो. आपल्याकडे गोठणबिंदूची पातळी जमिनीपासून चारेक किलोमीटर वर असते, म्हणून तो वितळून पाऊस होतो, नाहीतर गारा होऊन आदळतो. प्रत्येक अवकाळीमागे अडसर असतो असे मात्र कुणी समजू नये. एकटाच झंझावातही डहाणूच्या चिकूवाडीत आणि आंब्याच्या मोहोरावर पाणी ओतून जाऊ शकतो. नुकसान कुठवर जाईल, हे तो थांबतो की सरकतो यावर ठरते.

आणि नेमके तेच सांगणे कठीण आहे. धावते वादळ उद्या कुठे असेल ते संगणकी प्रारूपे आज बरेच अचूक सांगतात. अडसर कधी लागेल आणि कधी सुटेल, इथे ती चुकतात. भारतीय हवामान खाते दर गुरुवारी पुढच्या आठवड्यांचा विस्तारित अंदाज देते, त्यात वरच्या वाऱ्यांची वळणे येतात. डहाणूला खात्याची वेधशाळाही आहे. दर्यात जाणाऱ्यांसाठी वाऱ्याचे आणि लाटांचे इशारे येतात, ते लागतातच. पण किनाऱ्यावर मासळी वाळवणाऱ्या बायांना हवेतला दमटपणा आणि मळभ सलग किती दिवस राहील हे हवे असते, आणि तसा वेगळा अंदाज सोप्या मराठीत त्यांच्या फोनवर पोचायला हवा. चार दिवसांचे मळभ दोन दिवस आधी कळले, तरी त्या खेपेचे बोंबील ओलेच विकायला काढता येतील.

२०१८ मधल्या युरोपातल्या त्या थंडीआधी आणि अमेरिकेतल्या वादळांआधी, १२ फेब्रुवारीच्या सुमारास, उत्तर ध्रुवावर तीस किलोमीटर उंचीवरची हवा अचानक तापली होती. वर तापलेली हवा खाली थंडी कशी पाठवते, ते पुढच्या आठवड्यात.